मधली पाचर

हैबती मिस्त्रींच्या पोटरीवर पहिली काठी बसली तेव्हा मी घुमटाच्या माथ्यावर बसून ओल्या गोणपाटावर पाणी मारत होतो. खालून आवाज आला तो काठीचा. मिस्त्री ओरडले नाहीत. ओरडल्या त्या पारूकाकू, त्यांच्या घरच्या. तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्या मध्ये धावल्या, तर गुलाब पैलवानानं त्यांना एका हातानं बाजूला लोटलं आणि त्या चुना मळायच्या घाणीच्या दगडी काठावर कपाळावर पडल्या. चुन्यात रक्त सांडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पांढऱ्यावर ते फार लाल दिसतं.

बापूसाहेब कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. "बाईमाणसाला नको रं," एवढं ते म्हणाले, पण चहात साखर कमी घाल म्हणून सांगावं तशा आवाजात. गुलाबानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. दुसरी काठी त्यानं पाठीवर घातली.

मी परांचीवरून खाली कसा उतरलो ते मला आठवत नाही. तळव्यांची सालटी निघाली होती, ती मागाहून दिसली.

माण नदीच्या अंगाला आंबेखिंड नावाचं गाव आहे. तिथल्या एका महाराजांच्या समाधीवर आम्ही विटांचा घुमट बांधत होतो आणि बापूसाहेब त्या समाधीच्या कमिटीचे अध्यक्ष होते. बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. तोवर जिकडेतिकडे स्लॅब पडायला लागले होते, पण महाराज म्हणे सांगून गेले होते, माझ्या डोक्यावर लोखंड नको. म्हणून कमिटीनं हैबती मिस्त्रींना शोधून काढलं. चुन्यात घुमट बांधणारा आमच्या भागात तेवढा एकच माणूस उरला होता, आणि त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढलेला मी. मी तेव्हा चोवीसचा होतो. आपल्याला सगळं येतं, याबद्दल मला स्वतःला काडीची शंका नव्हती.

विटांचा घुमट आधी लाकडी साच्यावर बांधतात. त्या साच्याला आम्ही ढोला म्हणतो. ढोला टेकूंवर उभा असतो आणि प्रत्येक टेकूच्या बुडाशी पाचर ठोकलेली असते. चुन्यानं विटा घट्ट धरल्या की पाचरी सैल करायच्या, ढोला खाली घ्यायचा, म्हणजे घुमट आपला आपण उभा राहतो. राहिला तर. शेवटची वीट बसल्यापासून चाळीस दिवस पाचरीला हात लावायचा नाही, हा मिस्त्रींचा नियम. दुसरा नियम सगळ्याच गवंड्यांचा होता. ज्यानं घुमट बांधला त्यानंच पहिली पाचर काढायची, आणि ती काढताना घुमटाखाली उभं राहायचं. दुसऱ्याच्या ढोल्याला पंचक्रोशीतला एकही गवंडी बोट लावत नसे, मग त्याच्या हातापाया पडा, नाहीतर त्याला सोन्यानं मढवा.

शेवटची वीट बसून एकोणीस दिवस झाले होते. यात्रेला महिना होता, त्यामुळे घाई अशी नव्हतीच. तेवढ्यात मुंबईचे कुणी मोठे पाहुणे उद्याच येणार असं ठरलं. त्यांच्या हातून कळस चढायचा होता आणि मग त्यांना आत नेऊन दर्शन घडवायचं होतं. बापूसाहेबांना निवडणुकीचं तिकीट हवं होतं, आणि समाधीभोवती तर टेकूंचं रान माजलेलं. आदल्या दिवशी ते गोडीगुलाबीनं सांगून गेले, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, कळस बाहेरून खुशाल चढवा, पण आत कुणी जायचं नाही. म्हणून आज सकाळी बापूसाहेब गुलाब आणि हणमा या दोन पैलवानांना बरोबर घेऊन आले होते. कालचं 'तुम्ही' आज 'तू' झालं होतं.

"उघडतोस का न्हाई?" बापूसाहेबांनी विचारलं.

मिस्त्री गुडघ्यांवर आले होते. "अजून एकवीस दिस," ते म्हणाले. "वरचे चार थर कच्चे हाईत, बापूसायेब. मानूस मरंल."

हणमानं त्यांच्या कमरेत लाथ घातली. ते आडवे झाले, मग कोपरावर जोर देऊन पुन्हा बसले. बसले आणि तेच वाक्य पुन्हा बोलले, मानूस मरंल. गुलाबानं त्यांचं मुंडासं ओढून काढलं आणि त्याच मुंडाशानं त्यांचा गळा आवळून मागं खेचलं. त्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठं त्यानं पीळ सोडला. खोकत खोकत मिस्त्री म्हणाले, एकवीस दिस.

त्या घटकेला एक गोष्ट अख्ख्या आंबेखिंडीत फक्त मला माहीत होती. वरचे चार थर कच्चे नव्हते. ते कधीच पक्के झाले होते, कारण त्यांत नुसता चुना नव्हता. त्यांत सिमेंट होतं.

झालं होतं ते असं. पारूकाकूंचा भाऊ वारला, म्हणून मिस्त्री काकूंना घेऊन चार दिवस त्यांच्या माहेरी गेले. जाताना बजावून गेले, दोन दिवसांत एकच थर, आणि माथ्याचं तोंड मी आल्यावर मिटवू. माझ्या डोक्यात भलतंच. ते परत येतील तेव्हा घुमट मिटलेला दाखवायचा आणि त्यांना गार करायचं. पहिल्याच दिवशी दोन थर चढवायला गेलो, तर खालचा ओला चुना दबून बाहेर यायला लागला आणि विटा सरकल्या. ओट्याच्या कामाला आणलेली सिमेंटची पोती तिथंच पडून होती. चुन्याच्या दर पाटीला अर्धं घमेलं सिमेंट मी स्वतःच्या हातानं कालवलं, विटा जागच्या हलेनात. चौथ्या दिवशी शेवटची वीट ठोकून वरून चुन्याचा गिलावा फिरवला. आता सिमेंट दिसलं असतं ते फक्त आतून, ढोला निघाल्यावर.

मिस्त्री सिमेंटला शिवत नसत. चुन्यात ते मिसळल्यावरून त्यांनी स्वतःच्या सख्ख्या पुतण्याला कामावरून हाकललं होतं आणि पुढं कधी दारात उभं केलं नव्हतं. ते परतले, वर चढले, दोरी लावून पाहिली, तळहातानं चाचपून पाहिलं. कुठं सूतभर फरक नव्हता. मग सगळ्या कामगारांदेखत म्हणाले, "म्हैपा, माझ्या हातनं बी असा मिटला नसता." महिपती हे माझं नाव; म्हैपा म्हणणारे तेवढे दोघंच, ते आणि काकू. आठ वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी जो हरभऱ्याच्या झाडावर चढलो, तो उतरायचं नाव घेईना. चाळिसाव्या दिवशी ढोला उतरला की मिस्त्रींनी वर बघायच्या आत चढून सगळे सांधे चुन्यानं सारवून टाकू, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

तर त्या सकाळी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मिस्त्री, वर सिमेंट हाय, काढू या पाचरी. एवढ्यानं काठ्या थांबल्या असत्या. बापूसाहेबांनी मला मिठीच मारली असती. पण मला डोळ्यांसमोर दिसत होता तो मिस्त्रींचा चेहरा, ते ऐकतानाचा.

मी हातोडी उचलली. मार देणं आणि मार खाणं, मला दोन्ही त्या एका वाक्याहून सोपं वाटलं.

गुलाब पाठमोरा होता. विटा तासायची हातोडी मी सगळ्या ताकदीनं त्याच्या उजव्या खांद्यावर घातली. हाड मोडलेलं मला माझ्या मुठीत कळलं. तो मटकन बसला, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तेवढ्यात हणमानं मला मागून कमरेला धरलं. तालमीतला गडी तो. त्यानं मला उचललं आणि विटांच्या ढिगावर आपटलं. दोन फासळ्या गेल्या, थंडीत त्या अजून जाणीव देतात. मग त्यानं तोंडावर लाथ घातली आणि पुढचा दात माझ्या घशात गेला. मी ओकलो, तशी त्यानं आणखी एक घातली.

मांडव घालायला आलेली गावातली पंधरावीस माणसं हातात वासे धरून उभी होती. त्यातला एकही वासा हलला नाही. गावचे पोलीस पाटीलही तिथंच होते. तोरणाच्या दोरीला पडलेली गाठ सोडवायची आठवण त्यांना नेमकी तेव्हाच झाली.

मित्राचा खांदा मोडलेला पाहून हणमा पिसाळला होता. म्हाताऱ्याची मिनतवारी कशाला, मीच पाडतो, असं म्हणत तो घुमटात शिरला आणि त्यानं कडेच्या एका टेकूवर लाथ मारली. टेकू थरथरला. वरून चुन्याची भुकटी गळली. मिस्त्रींच्या ओठांतून रक्त येत होतं, तरी ते ओरडले, "कडंचा नगं. कडंचा काढला तर समदा भार मधी यील." हणमा दोन ढांगांत बाहेर आला. मांडवातली माणसंही दहा पावलं मागं सरली. त्यानंतर आत जायची कुणाची छाती झाली नाही.

बापूसाहेब खुर्चीवरून उठून मिस्त्रींसमोर येऊन उभे राहिले.

"म्हंजे हात तुझाच लागायचा," ते म्हणाले.

"व्हय."

"आन तू काय लावायचा न्हाईस."

"एकवीस दिस न्हाई."

"मग त्यो हात ठिवून काय करतोस?"

हे त्यांनी रागानं विचारलं नाही, म्हणून मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. गुलाबाला कळला. माझ्या हातून पडलेली हातोडी त्यानं डाव्या हातात घेतली. हणमानं मिस्त्रींचा उजवा हात ओढून घाणीच्या दगडावर दाबून धरला. मी विटांवरून उठायला गेलो आणि पुन्हा पडलो. अजूनही वेळ गेली नव्हती. तोंडात रक्त होतं, पण जीभ शाबूत होती. पारूकाकू कपाळाला पदर लावून माझ्याकडं बघत होत्या.

"म्हैपा, काय तरी बोल की," त्या म्हणाल्या.

"नका, नका," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

हातोडी तीनदा पडली. पहिल्या घावात बोटं गेली आणि दुसऱ्यात मनगट. तिसरा कशासाठी होता ते गुलाबालाच ठाऊक. या वेळी मिस्त्री ओरडले, आणि ओरडून झाल्यावर दगडाला कपाळ टेकून बसले. त्या हातानं काढलेली गोलाई मी आठ वर्षं पाहिली होती. दोरी न लावता तो हात विटेला नेमका कल देई आणि मागाहून आम्ही दोरी लावून बघत असू. आता तो दगडावर एखाद्या ओल्या फडक्यासारखा पडला होता.

बापूसाहेब माझ्याकडं वळले. "तुझा बी हात लागलाय नव्हं ह्या घुमटाला? मग तू काढ. न्हाई तर म्हाताऱ्याचा दुसरा हाय अजून."

"काढतो," मी म्हणालो. ते म्हणायला मला क्षणही लागला नाही.

"म्हैपा, जाऊ नगंस," मिस्त्री म्हणाले. मी त्यांच्याकडं न बघता हातोडी उचलली. तिच्या दांड्याला रक्त लागलं होतं, ते मी धोतराला पुसलं आणि आत गेलो. बाहेरची माणसं पार कडुलिंबापलीकडं गेली. बापूसाहेबांनी आपली खुर्चीही तिकडं नेववली.

आत चार झरोके होते, त्यांतून थोडा उजेड येत होता. बरोबर मधोमध बाभळीचा एक जाड टेकू होता, त्याच्याभोवती सहा आणि कडेनं दहा. मी मधल्या टेकूशी बसलो. छातीत कळा येत होत्या, पण भीती नावालाही नव्हती. कशाची असणार? मागं पाय ओढल्याचा आवाज आला. मिस्त्री येत होते. मोडलेला हात त्यांनी काकूंच्या पदराच्या चिंधीत गुंडाळून छातीशी धरला होता. काकू उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, त्यांना त्यांनी मानेनंच बाहेर थांबवलं.

"तुमी भाईर जावा," मी म्हणालो.

"घुमट माझा हाय," ते म्हणाले, "आन तू बी."

ते येऊन माझ्याजवळ उभे राहिले, बरोबर माथ्याखाली. डावा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. त्यांचे ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव घेत असावेत. माझ्याशेजारी मरायला तो माणूस पडत झडत आत आला होता, आणि इथं आज कुणी मरणार नाही, एवढं त्याच्या कानात सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. आयुष्यात मी पुष्कळ लबाड्या केल्या, पण त्या घटकेइतका मला माझा तिटकारा पुन्हा कधी आला नाही.

"मार," मिस्त्री म्हणाले. "हळू मार. बोटभर सैल कर आन थांब."

मी मधली पाचर बोटभर सैल केली आणि थांबलो. वर लाकूड करकरलं. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. काही पडलं नाही. मग त्यांनी सांगितलं तसं भोवतालच्या सहांमधली समोरासमोरची जोडी, मग दुसरी, मग तिसरी. दर पाचरीला ते श्वास धरायचे आणि मी तो धरल्याचं सोंग करायचो. शेवटी कडेच्या दहा. ढोला चार बोटं खाली बसला आणि त्याच्या आणि विटांच्या मधून उजेडाची एक बारीक गोल रेघ दिसली. घुमट त्याच्या जागी होता.

"ऱ्हायला," मिस्त्री पुटपुटले. ते रडत होते. "म्हैपा, ऱ्हायला रं."

बाहेर कुणीतरी झरोक्यातून पाहिलं असावं, कारण लगेच हलगी वाजायला लागली आणि महाराजांच्या नावाचा जयघोष झाला. मिस्त्री मला म्हणाले, माथ्याच्या चार फळ्या काढ, बघू दे. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी फळ्या उतरवल्या.

ते मान वर करून बघत राहिले. खालच्या थरांचे सांधे पांढरे होते. वरच्या चारांचे करडे. ज्याला ठाऊक नाही त्याला ते दिसलंही नसतं. मिस्त्रींनी खाली पडलेल्या फळीला चिकटलेला सांध्यातल्या मालाचा एक खडा डाव्या हातानं सोडवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, तो फुटला नाही. मग त्यांनी तो जिभेला लावला. चुना पारखताना ते नेहमी असंच करत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पाटीला अर्धं घमेलं."

"चारी थरांत?"

"व्हय."

"म्हंजी हे पडनार नव्हतं."

"न्हाई."

"आन तुला ठावं हुतं."

मी मान हलवली. बाहेर हलगीचा नुसता गदारोळ चालला होता, तरी त्यांचं पुढचं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. ते फार हळू बोलले.

"मग मगाशीच का बोलला न्हाईस, म्हैपा?"

काहीतरी थाप मारावी असं वाटलं, पण त्या वेळी मला एकही सुचली नाही. जे खरं होतं तेच तोंडातून गेलं.

"तुमी रागावला असता," मी म्हणालो.

मिस्त्रींनी छातीशी धरलेल्या हाताकडं पाहिलं. चिंधी लालभडक झाली होती आणि तिच्या टोकातून थेंब गळत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिटून उभा राहिलो. त्यांनी शिवी द्यावी, डाव्या हातानं कानफटात मारावी, पुतण्यासारखं हाकलून द्यावं, काहीही करावं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तेव्हा ते उंबऱ्यापर्यंत गेले होते आणि काकूंनी त्यांना काखेत धरलं होतं.

तो हात कोपराखाली कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मान वर करून वा वा म्हणाले, आणि बापूसाहेबांनी घुमट बांधणारा मिस्त्री म्हणून माझ्या डोक्याला फेटा बांधला. मिस्त्री पुढं नऊ वर्षं जगले. दर दिवाळीला मी त्यांच्याकडं जायचो. काकू चहा करायच्या, ते डाव्या हातात कप धरून माझ्या कामाची, पोराबाळांची विचारपूस करायचे आणि मला दारापर्यंत पोचवायला यायचे. नऊ वर्षं मी वाट पाहिली. ते एकदाही रागावले नाहीत.